नोकरीआधीचा खर्च

नोकरी शोधायला पैसे लागतात. मालवण तालुक्यातल्या एखाद्या गावातून मुंबईला मुलाखतीला जायचे, तर आधी एसटीने किंवा रिक्षाने कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ स्थानक गाठावे लागते, मग रात्रभराचा रेल्वेप्रवास, मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम, आणि काम झाले नाही तर तेवढाच खर्च परतीला. त्याखेरीज परीक्षेचे शुल्क, दाखले, झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याचे पैसे. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते ती वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत गेले तर घरच्या आंबा-काजूच्या हंगामात दोन हात कमी पडतात. या सगळ्याला मिळून अर्थशास्त्रात शोधखर्च म्हणतात. बेरोजगारीच्या चर्चेत नोकऱ्या किती आणि माणसे किती, एवढाच हिशेब बहुधा मांडला जातो. नोकरीही आहे, माणूसही आहे, पण दोघांची गाठ पडायला किती खर्च येतो, तो कोण सोसतो आणि ज्याला सोसवत नाही त्याचे काय होते, हा हिशेब मागे राहतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा खर्च भूगोलानेच वाढवून ठेवला आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आज आठ तालुके आहेत. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे तीन समुद्राला लागून, आणि या तिन्हींच्या शहरांना रेल्वे नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, तो किनाऱ्यापासून आत, कणकवली-कुडाळ-सावंतवाडीच्या अंगाने गेला. मुंबई-गोवा महामार्गही तिकडूनच जातो. जिल्ह्याची कचेरी ओरोसला, म्हणजे मालवणहून तीसेक किलोमीटरवर. दाखल्याच्या कामाला एक खेप पुरली तर नशीब. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला खरा, पण पहिली नोकरी शोधणाऱ्याच्या हिशेबात तो येत नाही. त्याची गाडी एसटीच. त्याच वर्षाच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा किनाऱ्यावरच्या वाड्यांतून तालुक्याला जाणेही किती महाग पडते ते साऱ्यांनाच कळले.

अर्थशास्त्रज्ञांचे या खर्चाकडे लक्ष तसे उशिरा गेले. जुन्या पुस्तकांतला श्रमाचा बाजार असा असे, की जणू सगळे मालक आणि सगळे मजूर एकाच चव्हाट्यावर समोरासमोर उभे आहेत आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा भाव ठाऊक आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ आणि १९६२ मधल्या दोन निबंधांत दाखवले की माहिती फुकट मिळत नाही. एकाच शहरात एकाच कामाला वेगवेगळे पगार असतात, कारण सगळी दारे ठोठावून पाहणे कुणालाच परवडत नाही. १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी त्यावर पुढचा प्रश्न विचारला: मग माणूस थांबतो कधी? त्यांचे उत्तर असे, की शोधणाऱ्याच्या मनात पगाराची एक किमान रेषा असते. त्या रेषेवरची नोकरी आली की तो घेतो, खालची आली तर नाकारून शोधत राहतो. ही रेषा ठरते ती पुढची नोकरी शोधण्याच्या खर्चावर. शोध स्वस्त असेल तर रेषा वर सरकते, महाग असेल तर खाली येते.

यातून एक उलटेच वाटणारे अनुमान निघते. शोध महाग झाला की बेरोजगारी वाढेलच असे नाही. माणूस मिळेल ते काम लवकर पत्करतो, म्हणून बेकारीचा काळ कमीही होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला महाग शोधामुळे माणूस कमी ठिकाणी अर्ज करतो, कमी मुलाखतींना जातो, आणि बेकारीचा काळ लांबतो. तिसरा मार्ग म्हणजे शोधणेच सोडून देणे. कुठला परिणाम जास्त, हे माणसाच्या खिशावर ठरते. घरी खायला असलेला पदवीधर वाट पाहतो. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे तो हॉटेलात भांडी घासायला लागतो आणि सरकारी व्याख्येनुसार रोजगारात मोडतो.

आकडेमोड करून पाहिली तर अंतराचे वजन नीट कळते. समजा, प्रत्येक मुलाखतीत नोकरी मिळण्याची शक्यता दहात एक आहे. मालवणच्या तरुणाला मुंबईची एक खेप प्रवास, जेवणखाण आणि बुडालेली मजुरी धरून २,५०० रुपयांना पडते. ठाण्याच्या तरुणाला २०० रुपयांना. दोघांकडे शोधासाठी १०,००० रुपये आहेत. मालवणच्या तरुणाच्या चार खेपा होतात, आणि चार खेपांनंतरही त्याच्यासारख्या तिघांतले जवळजवळ दोघे रिकाम्या हाताने परततात. ठाण्याच्या तरुणाच्या पन्नास मुलाखती होतात, आणि पन्नास मुलाखतींनंतर रिकामा राहणारा दोनशेत एखादाच. दोघांची पात्रता सारखी, नोकऱ्यांची संख्या सारखी. सरासरी काढली तर मालवणच्या तरुणाला एका नोकरीमागे २५,००० रुपये खर्च येतो, आणि चांगली नोकरी दोन-तीन वर्षे टिकली तर तो भरूनही निघेल. पण सरासरीचे पैसे कुणी हातात देत नाही. पैसे आधी जातात, फळ नंतर येते, आणि येईलच असेही नाही. अशा कामाला बँक कर्ज देत नाही. म्हणून फायद्याचा असूनही हा शोध गरीब घरातून सुरूच होत नाही.

बांगलादेशातल्या रंगपूर भागात २००८ मध्ये नेमके हेच तपासून पाहण्यात आले. दरवर्षी भाताच्या लागवडीनंतर कापणीपर्यंत तिथे हाताला काम नसते, अर्धपोटी राहायची पाळी येते, तरी माणसे शहरात जात नसत. संशोधकांनी काही कुटुंबांना साधारण साडेआठ डॉलर, म्हणजे बसभाडे आणि दोन-चार दिवसांच्या जेवणापुरते पैसे दिले, अट एवढीच की घरातल्या एकाने शहरात काम शोधायला जावे. जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण बावीस टक्के-बिंदूंनी वाढले. पुढच्या वर्षी पैसे न देताही त्यांतले बरेच जण पुन्हा गेले, कारण आता त्यांना मालक ठाऊक झाला होता. हीच योजना पुढे मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा मात्र तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती गुंडाळण्यात आली. गावच्या गाव बसमध्ये बसवणे आणि एका घराला तिकीट काढून देणे यांत बराच फरक आहे.

कोकणाने मात्र हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच आपल्या पद्धतीने सोडवला होता. मुंबईच्या कापडगिरण्यांना सर्वांत जास्त मजूर पुरवणाऱ्या भागांत जुना रत्नागिरी जिल्हा होता, आणि आजचा सिंधुदुर्ग त्याचाच दक्षिण भाग. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठायची. पावसाळ्यात आगबोटी बंद, तेव्हा शोधालाही हंगाम होता. भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या पोराच्या हातात बहुधा एकच ऐवज असे: गिरणगावातल्या आपल्या गावकीच्या खोलीचा पत्ता.

या खोल्यांवर आठवणींचे लिखाण भरपूर झाले आहे; त्यांच्यामागचा हिशेब त्यामानाने दुर्लक्षित राहिला. एका गावच्या माणसांनी चाळीत खोली घ्यायची, भाडे वाटून द्यायचे. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे दहा बाय दहाच्या जागेत वीस-वीस माणसे राहू शकत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. ट्रंक, वळकटी आणि खुंटी एवढी प्रत्येकाची मालमत्ता. नव्या पोराला राहण्याचा खर्च जवळजवळ शून्य, आणि जेवणाच्या पैशांसाठी खानावळवाली पगार होईपर्यंत थांबे. गिरणगावातल्या या खानावळी बायका चालवत, आणि त्यांच्या उधारीवर बेकारीचे कितीतरी महिने निभावले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवालीला बँकेचे कर्ज हवे होते त्याचे एक कारण हेच, की तिचे गिऱ्हाईक महिनाभर उधारीवर जेवत असे आणि भुसाराच्या दुकानाची उधारी मात्र तिला व्याजासह फेडावी लागे. दुसऱ्याच्या शोधखर्चाला भांडवल पुरवणारी ही बाई कामगार चळवळीच्या इतिहासात फार उशिरा आली.

खोलीचे दुसरे काम माहिती पुरवण्याचे. कुठल्या गिरणीत कुठल्या खात्यात माणूस लागणार आहे, हे फाटकावरच्या पाटीआधी खोलीत कळे. गिरणीत माणूस घेण्याचा अधिकार जॉबरकडे असे, आणि जॉबर आपल्या गावचा, नात्यातला किंवा ओळखीतला असला की काम सोपे होई. कायम जागा मिळेपर्यंत बदली म्हणून रोज सकाळी फाटकावर उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर त्या दिवसाचे काम, नाहीतर परत. म्हणजे शोध एकदा करून संपत नव्हता, तो रोज करावा लागे. जॉबर त्याची किंमतही वसूल करी. दस्तुरी, म्हणजे काम लावण्याची लाच, इतकी बोकाळली होती की १९३१ मध्ये आलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालाने जॉबरच्या हातून भरती काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देऊन ही गर्दी आवरण्याचा प्रयत्न सुरू केला.

गोव्याच्या खलाशांनी मुंबईत हीच व्यवस्था आणखी नेटकी केली. धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावांचे कूड होते. जहाजावरून उतरलेला आणि पुढच्या जहाजाची वाट पाहणारा गडी नाममात्र पैशांत तिथे राही. जहाजाची नोकरी ठरावीक मुदतीची. म्हणजे दर वर्षा-दीड वर्षाने नवा शोध. कूड नसता तर दोन जहाजांमधल्या काळात कमाईचा मोठा हिस्सा लॉजवाल्याने खाल्ला असता.

या जाळ्याला एक मर्यादा होती, आणि ती १८ जानेवारी १९८२ नंतर उघडी पडली. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या कित्येकांना पुन्हा कामावर जाता आलेच नाही. खोल्या राहिल्या, गाववालेही राहिले, पण ज्या दाराची किल्ली त्यांच्याकडे होती ते दारच बंद झाले. ओळखीचे जाळे माणसाला तिथेच नेते जिथे त्याच्या आधीची पिढी गेली. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दादरच्या अभ्यासात याचा पुढचा अंक दिसतो. कारखानदारीच्या जुन्या नोकऱ्यांत ज्या जातींचे जाळे घट्ट होते, त्यांच्यातले मुलगे मराठी माध्यमात राहिले आणि बापाच्या वाटेने गेले. मुलींना असे जाळे कधीच मिळाले नव्हते, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि नव्या नोकऱ्यांच्या जवळ पोचल्या. ज्यांचा शोधखर्च जाळ्याने कमी केला होता तेच जुन्या वाटेला बांधले गेले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते की नव्या कामाची खबर जवळच्या नात्यांपेक्षा दूरच्या, सैल ओळखींतून अधिक येते, कारण जवळच्यांना माहीत असलेले आपल्यालाही माहीत असतेच. गावकीची खोली ही जवळच्या नात्यांची परमावधी होती.

आजही मालवणी मुलुखात काम शोधणे म्हणजे पुष्कळदा कुणाला तरी ‘माका खंयतरी चिकटव’ (मला कुठेतरी कामाला लाव) म्हणणे. फरक इतकाच, की आता चिकटवणारा भाऊ डोंबिवलीत, नालासोपाऱ्यात किंवा पणजीत असतो.

किनाऱ्यावरच्या कामांकडे पाहिले तर शोधखर्च किती निरनिराळ्या रीतींनी हाताळला जातो ते दिसते. रापण हे पारंपरिक मासेमारीचे काम घ्या. होडीतून समुद्रात जाळे पसरायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर अनेकांनी मिळून ओढायचे. जो दोराला हात लावेल त्याला वाटा. इथे अर्ज नाही, मुलाखत नाही, शिफारस नाही. ज्याला काम हवे तो वाळूवर जाऊन उभा राहतो. काम स्वस्तात मिळते, पण वाटाही मासळी लागली तरच, आणि यांत्रिक नौकांच्या वाढत्या मासेमारीनंतर रापणीला लागणारी मासळी आटली आहे.

ट्रॉलरची गोष्ट वेगळी. तांडेल आणि खलाशी महिनोन्‌महिने टिकायला हवेत, म्हणून मालक हंगामाआधी उचल देतो आणि माणूस बांधून घेतो. या बोटींवर आज नेपाळपासून कर्नाटकापर्यंतचे खलाशी आहेत. देवगडच्या आंबा बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी माणसे आहेत. जिल्ह्यातला तरुण मुंबईला काम शोधायला जातो आणि शेकडो मैलांवरून आलेल्याला इथेच काम मिळते, या गोष्टीवर चहाच्या टपरीवर पुष्कळ बोलले जाते आणि दोष बहुधा कोकणी माणसाच्या आळसाला दिला जातो. तो निवाडा फार घाईचा आहे. नेपाळी मजुराचा प्रवास, पहिली उचल, राहण्याची सोय आणि मालकाची ओळख हे सगळे त्याच्या आधी आलेल्या गाववाल्याने किंवा मुकादमाने भागवलेले असते. नेमके तेच, जे एके काळी लालबागच्या खोलीने मालवणी पोरासाठी केले. स्थानिक तरुणाला आपल्याच तालुक्यातल्या बागेत कायम राखण्या म्हणून घ्यायला मालकही राजी नसतो. सण, लग्नकार्य, शेती यांसाठी तो रजा घेणार हे मालकाला माहीत असते. मजुरी कमी, आणि गावात ‘मोठ्या कामाच्या’ अपेक्षेने शिकलेल्या मुलाची किमान रेषा तिच्या बरीच वर.

ती रेषा वर जाण्याला कारण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिला येतो. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के होता. इतक्या मुलांच्या हाती गुणपत्रिका आली की गुणपत्रिका पाहून मालकाला कुणाला निवडायचे ते कळत नाही. मग पुन्हा ओळख.

पर्यटनाने १९९७ नंतर, म्हणजे सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून, मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात बरीच कामे आणली: हॉटेले, न्याहारी-निवास, बोटिंग, स्कूबा. ही कामे दिवाळीपासून मेअखेरपर्यंतची. जूनमध्ये पाऊस आणि मासेमारीबंदी दोन्ही येतात, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, हॉटेलवाला माणसे कमी करतो. शोधखर्चाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एकदा केलेला शोध सात-आठ महिन्यांच्या कमाईतूनच वसूल करावा लागतो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा करावा लागतो. हाच खर्च दहा वर्षे टिकणाऱ्या नोकरीवर पसरला तर जाणवतही नाही. त्यामुळे हंगामी कामासाठी लांबवर शोध करणे कुणालाच परवडत नाही, ना माणसाला ना मालकाला. हॉटेलाच्या दारावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी आणि दोन वाड्यांपलीकडे रिकामा बसलेला तरुण, दोन्ही एकाच वेळी दिसू शकतात. रिकाम्या जागा आणि रिकामी माणसे एकत्र का नांदतात, याचे स्पष्टीकरण देणाऱ्या पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस या तिघांना २०१० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मांडणीतला महत्त्वाचा मुद्दा हा, की मालकालाही शोधखर्च असतो. माणूस शोधणे, पारखणे, शिकवणे महाग पडले तर तो जागाच कमी काढतो.

डायमंड यांनी १९७१ मध्येच आणखी एक गोष्ट दाखवली होती. शोधखर्च अगदी थोडा असला तरी भाव ठरवण्याचे बळ दुसऱ्या पक्षाकडे सरकते. हे तत्त्व पगाराला लावले तर असे, की नोकर दुसरीकडे विचारायला जाणार नाही हे मालकाला ठाऊक असेल, तर त्याला जास्त पगार देण्याचे कारण उरत नाही. आणि सगळेच मालक असा विचार करतात तेव्हा नोकराला दुसरीकडे जाऊनही फरक पडत नाही. एकाच पट्ट्यातल्या हॉटेलांत वेटरचा पगार जवळपास सारखा आणि सारखाच कमी का असतो, त्याचे एक उत्तर इथे आहे. त्यासाठी मालकांनी एकत्र बसून काही ठरवण्याची गरज नसते.

दक्षिणेकडच्या तालुक्यांचे गणित गोव्याने बदलले आहे. दोडामार्ग, सावंतवाडीतून डिचोली, म्हापसा, थिवी इकडे रोज जाऊन-येऊन काम करणारे पुष्कळ. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ तर हद्दीला लागूनच आहे. रोजच्या येण्याजाण्यात पुढच्या कामाचा शोधही आपोआप होतो. वेगळी खेप मारावी लागत नाही. पण राज्याची सीमा हाही एक शोधखर्च आहे. गोव्याच्या सरकारी नोकरीला साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि मोपात स्थानिकांना प्राधान्य द्या ही पेडण्यातल्या लोकांची मागणी विमानतळ सुरू होण्याआधीपासूनची. सीमेजवळच्या बांद्याच्या मुलाला अंतर दहा-वीस किलोमीटर असते आणि कागद पंधरा वर्षांचा.

एवढे सगळे असूनही बेरोजगारीच्या आकड्यात शोधखर्च सरळ दिसत नाही. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या पंधरा वर्षांवरील लोकांत बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के. बेरोजगार म्हणजे जो काम शोधतो आहे किंवा कामासाठी उपलब्ध आहे तो. जी बाई काम शोधायला जाणे परवडत नाही म्हणून घरकामातच राहिली आणि तसेच सांगून मोकळी झाली, ती या आकड्यातून बाहेर. जो घरच्या दुकानात किंवा बागेत हात लावतो तो रोजगारात. जो मुंबईला गेला तो मुंबईच्या हिशेबात. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. राज्याची लोकसंख्या वाढत असताना ज्या जिल्ह्याची घटते, तिथला बेकारीचा दर पाहण्याआधी ही दोन ओळींची नोंद पाहिलेली बरी.

सरकारने शोधखर्च आपल्याकडे घेण्याचे प्रयत्न जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये देशभरात सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा तिथे कळवणे बंधनकारक झाले. कळवणे बंधनकारक होते, तिथूनच माणूस घेणे नव्हे. एका पिढीच्या तरुणांनी नोंदणीच्या कार्डाचे नूतनीकरण करत वर्षे काढली आणि कॉल आला नाही. आता तीच कार्यालये कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे झाली असून नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते.

इंटरनेटने अर्ज करणे स्वस्त केले, तेव्हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. झाले असे, की अर्ज स्वस्त झाल्याने अर्ज वाढले आणि निवडण्याचा खर्च वाढला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये. हिशेब केला तर उमेदवारांनी नुसत्या शुल्कापोटी ९० कोटींहून जास्त रक्कम भरली, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना नोकरी मिळणार नाही हे जाहिरातीतच लिहिलेले होते. शुल्क जास्त ठेवले की हौशी अर्ज गळतात हा युक्तिवाद खरा आहे. पण गळतात ते हौशी की गरीब, हे शुल्काला कळत नाही. रेल्वेने २०१८ मध्ये काढलेला तोडगा त्यामानाने शहाणपणाचा होता. ५०० रुपये शुल्क घ्यायचे आणि परीक्षेला प्रत्यक्ष बसणाऱ्याला त्यातले ४०० परत द्यायचे. हौशी उमेदवाराला चाप बसतो, आणि खऱ्या उमेदवाराचे पैसे परत येतात.

शोधखर्चच नाहीसा करणारी महाराष्ट्राची कल्पना म्हणजे रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या, १९७७ च्या कायद्याने हक्क झालेल्या या योजनेत मजुराने कामापाशी जायचे नाही, काम मजुराकडे यायचे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ते आकड्यांत बांधले: काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत, त्यापलीकडे असले तर प्रवासासाठी दहा टक्के जादा मजुरी, आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. शोधण्यात किती दिवस जावेत यावर कायद्याने मर्यादा घालणारी ही तरतूद होती. दहावी-बारावी झालेल्या सिंधुदुर्गातल्या मुलाला मातीकाम नको असते, ही गोष्ट वेगळी.

स्त्रियांच्या बाबतीत शोधखर्चात सोबत, सुरक्षित मुक्काम आणि घरच्यांची परवानगी हेही मोजावे लागते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. ही सवलत रोजगार योजना म्हणून आली नव्हती, पण वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात किंवा कुडाळच्या एमआयडीसीत चौकशीला जाणाऱ्या मुलीची खेप तिने निम्म्यावर आणली. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांतल्या खेड्यांत रॉबर्ट जेन्सन यांनी २००३ पासून तीन वर्षे केलेला प्रयोग इथे आठवतो. निवडलेल्या गावांत कॉल सेंटरच्या नोकऱ्यांची माहिती देणारा माणूस थेट पाठवला. त्या गावांतल्या तरुण मुली जास्त प्रमाणात नोकरीला लागल्या आणि त्यांची लग्नेही पुढे गेली. नोकऱ्या आधीपासून होत्याच, फक्त गावापर्यंत त्यांची खबर पोचत नव्हती.

शोधाच्या गरजेवर जगणारे दलालही आहेत. आखातात किंवा जहाजावर ‘लावून देतो’ म्हणून लाखांत पैसे उकळण्याचे प्रकार किनारपट्टीला नवे नाहीत. जहाजावरच्या नोकरीसाठी खलाशाकडून भरतीचे पैसे घेणे नियमाने निषिद्ध आहे आणि भरती करणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, एवढी माहिती असली तरी बरेच पैसे वाचतात. ती नसते, म्हणून फसवणुकीची रक्कमही शोधखर्चातच जाते.

पहिली नोकरी शोधणाऱ्याला या काळात आधार देणारी व्यवस्था जवळजवळ नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नोकरी गेलेल्या विमाधारकाला काही काळ पगाराच्या प्रमाणात भत्ता देते. ज्याला नोकरी लागलीच नाही त्याला ती लागू नाही. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने ही उणीव थोडी भरली. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन देऊन, सुरुवातीच्या नियमानुसार सहा महिने, आस्थापनेत बसवायचे. मालकाला माणूस पारखायला खर्च येत नाही, माणसाला बसभाड्याची चिंता राहत नाही. मुदत संपल्यावर मालक त्याला ठेवतो की नवा मोफत उमेदवार मागतो, यावर या योजनेचे यश ठरते.

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, तरुणांना शोधासाठी बसभाडे देऊन पाहिले तेव्हा त्यांना औपचारिक नोकरी मिळण्याचे प्रमाण वाढले. दुसऱ्या गटाला भाड्याऐवजी अर्ज कसा करावा हे शिकवले आणि कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले. चार वर्षांनी पाहिले तर बसभाड्याचा परिणाम विरला होता, आणि प्रमाणपत्रवाल्यांची कमाई इतरांपेक्षा जास्त होती. भाड्याने एक खेप निघते. प्रमाणपत्र पुढच्या प्रत्येक शोधात कामाला येते. तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या केंद्रात स्कूबा शिकलेल्या तरुणाकडे असा कागद असतो, आणि तो दाखवून त्याला पावसाळ्यात दुसऱ्या किनाऱ्यावर काम मागता येते. त्याच किनाऱ्यावर दहा-दहा हंगाम माशाचे जेवण रांधणाऱ्या किंवा न्याहारी-निवास सांभाळणाऱ्या बहुतेकांकडे मात्र जुन्या मालकाचा फोन नंबर तेवढा असतो, आणि नवा मालक तो लावेलच याची खात्री नसते.